डॉक्टरांनी बोटीला पाडलेलं भोक

११ फेब्रुवारी

आज डॉक्टरांनी शीळ घातली. मी स्वयंपाकघरात होते, आधी वाटलं किटलीच.

नवऱ्याला मी डॉक्टरच म्हणते. दातांचा दवाखाना आमचा. खुर्चीच्या एका अंगाला ते, दुसऱ्या अंगाला मी, सगळा जन्म त्यातच गेला. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मोठ्या इस्पितळातले म्हणाले, घाबरू नका, जिवाला काही होत नाही यानं. जिवाला नाही होत हो, पण थरथरत्या हातात ड्रिल धरून कुणाच्या तोंडात घालणार? एका सकाळी त्यांनी स्वतःच स्टुलावर चढून पाटी उतरवली. तेव्हापासून हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसलाय. जेवा म्हटलं की जेवतो, झोपा म्हटलं की झोपतो. घरात आहे की नाही ते मला डोकावून बघावं लागतं.

आणि आज शीळ! हात पुसत बाहेर गेले तर मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. शिडाची बोट. फायबरची, जुनी, आमच्या लग्नाच्या आगेमागे बांधलेली. विकायला काढलेली.

"छान आहे," म्हटलं.

"घेऊ या?"

मला वाटलं थट्टा करताहेत. नव्हते करत.

१२ फेब्रुवारी

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबांच्या डोक्यावर परिणाम झालाय का? तू समजाव त्यांना." समजावते म्हटलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. इथे घोड्याच्या जागी बोट.

डॉक्टर कॉलेजात असताना बोटिंगच्या क्लबात होते म्हणे. इतक्या वर्षांत मला हे पहिल्यांदा कळतंय. "विसरला असाल आता," म्हटलं. तर म्हणाले, "सायकल कुणी विसरतं का?" म्हटलं, सायकलवरून पडलं तर गुडघा फुटतो. त्यावर हसले. हसले ते बरं वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

नुसतं बघायला जायचं ठरलंय. बघायला काय जातंय.

स्वयंपाकघरातले चमचे आकाराप्रमाणे लावले. परत.

१६ फेब्रुवारी

बघून आलो. सविस्तर लिहिते, कारण डोकं भणभणलंय.

बोटी दुरुस्त करायचं एक आवार आहे धक्क्याच्या मागे. तिथे बोटी जमिनीवर टेकू लावून उभ्या करतात, पोटं उघडी टाकून. खालून बघताना मला कसंसंच झालं, परक्या बाईला आंघोळीच्या वेळी बघितल्यासारखं. आमची, म्हणजे ती विकायची बोट, शेवटच्या रांगेत होती. रंग उडालेला, पण बांधा सुरेख, खोटं कशाला बोलू.

आवारात शिरायच्या आधी धक्क्यावर जरा उभे राहिलो तर एक लाट उसळून माझ्या स्वेटरच्या बाहीवर आली. ती वाळल्यावर नुसती पांढरी, कडक. समुद्रानं पहिल्याच भेटीत खार लावला मला.

मालकीण सत्तरीची बाई. सगळे तिला कॅप्टनबाई म्हणतात. नवऱ्याबरोबर तीस-एक वर्षं याच बोटीवर फिरली. तो गेला, हिचे गुडघे गेले, म्हणून विकतेय. डॉक्टर काही विचारायला गेले की हात वर करायची. "आधी वर या. चहा घेतल्याशिवाय मी बोटीबद्दल बोलत नाही." शिडीवरून चढताना माझी जी त्रेधा उडाली ती इथे लिहीत नाही.

आत मात्र घर आहे घर! टीचभर ओटा, शेगडी, दोन बाकं, पुढे झोपायची जागा. प्रत्येक गोष्टीला खाच, कडी, कोनाडा, जिथली वस्तू तिथे. असं नीटनेटकं मी आमच्या दवाखान्यानंतर आजच बघितलं. नळ पायानं चालतो. खाली पेडल आहे, ते दाबायचं की चुळूक चुळूक पाणी येतं. बाईंनी त्याच पाण्याचा चहा केला. चहाला किंचित प्लास्टिकच्या नळीचा वास होता, पण मी मुकाट्यानं प्यायले.

डॉक्टरांचा कप बशीवर वाजत होता. त्यांनी हात मांडीखाली घेतला. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, लपवताय काय? समुद्रावर सगळंच हलतं. तुमचा हात हलला तर कुणाला कळणार?"

डॉक्टरांनी हात बाहेर काढला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय करत होतात?"

"मी काही नाही. मी नुसती हातात द्यायचे."

"म्हणजे?"

सांगितलं. डॉक्टर तोंडातून नजर काढत नाहीत, नुसता हात मागे करतात, आणि त्या वेळी जे लागतं ते मी त्या हातात ठेवते. आरसा, चिमटा, कापूस. मागायचं नाही, सांगायचं नाही. बाईंनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझा हातात देणारा गेला, म्हणून तर विकतेय."

खाली उतरल्यावर डॉक्टरांनी खिशातून काय काढलं असेल? दात तपासायचा लहान आरसा! त्याच्या दांड्यानं बोटीच्या पोटावर टकटक करत, कान लावून फिरायला लागले. मी शरमेनं अर्धी झाले. बाई मात्र खूश. म्हणाल्या, बोटींचा तपासनीससुद्धा असंच करतो, फक्त त्याच्याकडे हातोडी असते.

२० फेब्रुवारी

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं चाललंय. बोट घेतली नाही अजून आणि आमचं त्यावरून भांडण. मी म्हटलं, बुडालात तर? ते म्हणाले, खुर्चीत बसून काय, तरंगतोय?

मी उठून चमचे परत लावायला घेतले.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. मला बोट नको. मला पाण्याची भीती वाटते, माझ्या कमरेला शिडी सोसत नाही, आणि या वयात नवं खूळ नको. फक्त त्या बाकांवरच्या उशांचे अभ्रे अगदीच विटलेत, ते कुणीतरी बदलायला हवेत. निळे चांगले दिसतील. जो कुणी घेईल त्यानं.

२३ फेब्रुवारी

तपासनीस पुढच्या आठवड्यात येणार, त्याच्या होकारावर सगळं. कॅप्टनबाई बहिणीकडे गेल्यात, तिथे फोन लागत नाही म्हणे. किल्ली फाटकावरच्या माणसाकडे ठेवलीय, "मनसोक्त बघा" म्हणून. डॉक्टरांना दम कुठला निघतोय! उद्या जाऊ म्हणतात.

२४ फेब्रुवारी

काय करून बसलो आम्ही!

डॉक्टर बोटीभोवती टकटक करत फिरत होते. सगळीकडे टणटण, खणखणीत. आणि उजव्या बाजूला, तळाच्या जरा वर, बद्द आवाज. परत ठोकलं. बद्द. त्यांचा चेहरा दवाखान्यातल्यासारखा झाला. मी तो चेहरा ओळखते. "आत खराब आहे," म्हणाले. "वरून काही दिसत नाही, पण आत आहे."

कुठलाही शहाणा माणूस इथे थांबला असता. तपासनीस येणारच होता. पण दातांचा डॉक्टर! आत खराब आहे असा नुसता संशय आला की त्याला उघडून बघावंच लागतं. गाडीतून घरचं ड्रिल काढून आणलं. मी "अहो, दुसऱ्याची बोट" म्हणायला हवं होतं. म्हटलं का? नाही. त्यांनी हात मागे केला आणि मी सर्वांत बारीक पातं त्यात ठेवलं. देवाशपथ, मला कळलंसुद्धा नाही.

हात थरथरत होता, तर त्यांचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं. असं आम्ही दोघांनी मिळून परक्या बाईच्या बोटीला भोक पाडलं. 'जरासं वरवर' म्हणता म्हणता पातं गपकन आत गेलं, आणि बाहेर काढलं तर पाणी! धार लागली. माझी बाही कोपरापर्यंत भिजली. डॉक्टर म्हणाले, "गळू." नुसतं तेवढंच. मी पर्समधून कापूस काढला, सुरळी केली आणि भोकात ठासली. तीही सवय.

ते टेकूला पाठ लावून जमिनीवरच बसले. "दोन थरांच्या मधे पाणी शिरलंय. किती वर्षांचं असेल कोण जाणे. सगळं सडलंय आतून." मग म्हणाले, "चल घरी."

गाडीत मी मनातल्या मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची. बोट गेली, भीती गेली. लेकीला फोन केला, तीही म्हणाली, सुटलो. सगळे सुटलो.

२५ फेब्रुवारी

डॉक्टर खुर्चीत.

तपासनिसाला येऊ नका म्हणून कळवलं त्यांनी. "किडलेल्या दाताचा एक्सरे कशाला?" बाई परत आल्या की भोकाचं त्यांना सांगायचं, भरपाई द्यायची आणि विषय संपवायचा.

मी आज घर झाडून पुसून लख्ख केलं. मग काय करावं सुचेना, म्हणून परत पुसलं.

२७ फेब्रुवारी

डॉक्टर खुर्चीत. दुपारी मी डोकावले. तो लहान आरसा हातात होता. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "काही नाही. हा दे टाकून."

मी टाकला नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

२८ फेब्रुवारी

आज कपडे धुवायला घेतले. खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर उचलला, तोच, कोपरापर्यंत भिजलेला. मनात म्हटलं, आता ते पांढरं काढत बसा. बाही उलटी केली, सुलटी केली. पांढरं कुठेच नाही. लोकर मऊ. पहिल्या दिवशी लाटेचं पाणी पडलं तर कागदासारखी कडक झाली होती बाही.

मी स्वेटर हातात धरून उभीच राहिले. समुद्राचं पाणी आत मुरलं असतं तर खार कुठे गेला?

मग स्वेटर धुऊन टाकला. मला काय करायचंय. पाणी कसलंही असो, भोकातून आलं हे खरं. आणि मला बोट नकोच होती. झाकली मूठ.

डॉक्टरांना काही बोलले नाही.

१ मार्च

झोप नाही धड. उठून आधी वाटलं सांगावं, मग वाटलं का सांगावं? माझं चुकलं असेल तर उगाच आशा लावायची आणि परत पाडायचं. चुकलं नसेल तर बोट घ्यायची. दोन्हीकडून मीच मेले!

तेवढ्यात डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "काही काम आहे का? मी करू शकेन असं?"

त्यांनी कधी असं विचारलं नव्हतं. लोक दोन-दोन महिने आधी यांची वेळ घ्यायचे. मी म्हटलं, वाटाणे सोला. ते बसले. हात इतका हलत होता की दाणे जमिनीवर घरंगळायला लागले. ते वाकून एकेक वेचत होते. मी पाठ फिरवली आणि नळ सोडला, रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून.

पुरे झालं. मूठ गेली खड्ड्यात. उद्या जाते.

२ मार्च

बाजारात जाते म्हणून सांगून निघाले आणि एकटीच आवारात गेले. फाटकावरच्या माणसानं विचारलं, डॉक्टर नाही आले? म्हटलं, मी आलेय ना!

कापूस तसाच होता, ओला, फुगलेला. आजूबाजूला कुणी नाही बघून उपटला. धार परत लागली. ओंजळ धरली आणि डोळे मिटून प्यायले. हो, प्यायले! जुन्या बोटीच्या पोटातलं पाणी, या वयात, चप्पल चिखलात रुतवून.

गोडं पाणी. आणि त्याला प्लास्टिकच्या नळीचा किंचित वास.

चहा! तोच चहा!

मी तिथे एकटीच मोठ्यानं हसले. कुत्रं भुंकलं माझ्यावर. मग परत कापूस ठासला आणि फाटकावरच्या माणसाकडून बाईंच्या बहिणीच्या शेजाऱ्यांचा नंबर मिळवला. बाई फोनवर आल्यावर एका दमात सगळं सांगून टाकलं. टकटक, ड्रिल, गळू, कापूस.

मनात म्हटलं, आता पोलीस बोलावतात.

मग बाई म्हणाल्या, "अहो, ती माझी प्यायच्या पाण्याची टाकी!"

म्हणे या जुन्या बोटींत टाकी वेगळी नसते, बोटीचं पोट हीच टाकीची एक भिंत. गिऱ्हाइकांना चहा द्यायचा म्हणून त्यांनी ती काठोकाठ भरून ठेवली होती. मागे पाणी असलं की आवाज बद्द येणारच. "तपासनिसानं आधी टाकी रिकामी करायला सांगितलं असतं," म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की खोकला लागला. मी म्हटलं, "तुम्ही रागावला नाहीत?" त्या म्हणाल्या, "रागावलेय. भोक त्यांनी पाडलंय, बुजवायचंही त्यांनीच. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये."

घरी आले. डॉक्टर खुर्चीत. समोर जाऊन उभी राहिले.

"गळू नाही," म्हटलं. "पाण्याची टाकी आहे. मी पिऊन आले."

"काय प्यालीस?"

"गळू."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा आधी कान लाल झाले, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. हसत होते. मग खरंच रडले. मीही. दोघंही वेड्यासारखी.

नंतर म्हणाले, "पण तुला तर नको होती ना बोट?"

"नकोच आहे," म्हटलं. "पण चांगल्या दातावर किडका म्हणून शिक्का मारलेला मला चालत नाही."

१५ मार्च

भोक बुजवलं आज. कॅप्टनबाई खाली स्टूल टाकून पहाऱ्याला बसल्या होत्या, तपासनीस त्यांच्या शेजारी. तो बाकीची बोट आधीच तपासून मोकळा झाला होता. वयाच्या मानानं ठणठणीत आहे म्हणाला.

रेझिन दोन डब्यांतलं एकत्र कालवायचं असतं, मग घट्ट होण्याआधी भरायचं. डॉक्टरांना हे शिकवायचं म्हणजे! आधी त्यांनी भोकाच्या कडा बशीसारख्या पसरट घासल्या. तपासनीस म्हणाला, बरोबर, असंच करतात. डॉक्टर म्हणाले, "भराव धरायला नको का?" मी मनगट धरलं. हात थरथरत होता, आणि आता तो नेहमीच थरथरणार आहे. त्याचं काय करायचं ते आम्हाला आता कळलंय. भोकावर चिकटवायचे फायबरच्या कापडाचे तुकडे मी पुढे करत गेले, लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा.

रेझिन वाळल्यावर तपासनिसानं हातोडीनं ठोकून बघितलं. टाकी रिकामी होती. टण्ण.

"आता दोन तास काही खाऊ नका," डॉक्टर बोटीला म्हणाले. किती दिवसांनी ऐकलं हे वाक्य!

कागदावर सह्या झाल्या. बाईंनी माझीही सही घेतली. म्हटलं, माझी कशाला? तर म्हणाल्या, "बोट दोघांची असते, नाहीतर कुणाचीच नसते."

लेक फोनवर ओरडली. मग म्हणाली, सुट्टीत येऊ का?

२ एप्रिल

निळे अभ्रे शिवून झाले. कुणीतरी शिवायलाच हवे होते.

१९ एप्रिल

आज पहिल्यांदा बाहेर काढली. कॅप्टनबाई बरोबर होत्या, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन मागे बसलेल्या, सूचना देणार म्हणून. मी जीव मुठीत धरून, जॅकेटचे पट्टे आवळून. धक्का मागे पडला तेव्हा मी स्पष्टपणे म्हटलं, "मला भीती वाटतेय." डॉक्टर म्हणाले, "मलाही." त्यानं जरा बरं वाटलं.

मग शीड वर गेलं, इंजिन बंद केलं, आणि बोट एका कुशीवर कलली. मी किंचाळले. बाई म्हणाल्या, "कलू द्या, तिला सवय आहे." खालून पाण्याचा सळसळ आवाज, बाकी काही नाही. डॉक्टरांनी मान वर करून शिडावर नजर लावली होती. डावा हात सुकाणूवर. तोंडात काय चाललंय ते बघायचे तशीच नजर, तिथून हलायची नाही.

वारा वाढला. दोरी ताणायची वेळ आली असावी, मला काय कळतंय. त्यांनी नजर न काढता उजवा हात मागे केला. हलत होता तो.

दोरीची चरखी फिरवायचा दांडा माझ्या पायाशी खाचेत होता. मी उचलून त्या हातात ठेवला.

हात मिटला. त्यांनी वळून बघितलं नाही. कॅप्टनबाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं, आणि मग तोंड समुद्राकडे फिरवलं. परत येईपर्यंत त्यांनी एकही सूचना दिली नाही.

घरी आल्यावर बघते तर माझ्या दोन्ही बाह्या पांढऱ्या, कडक. धुवायला टाकल्या नाहीत अजून. उद्या परत जायचंय.